कोऱ्या पानाखालचा अंगठा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

राजकारणाविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार? मराठी माध्यमातून बारावीपर्यंत पहिली येणे वेगळे आणि चार माणसांत तोंड उघडणे वेगळे. दुसरे मला अजून जमलेले नाही. तरी हे धाडस करते आहे. वाचणारी मीच, तेव्हा क्षमाही स्वतःचीच मागते.

काल पक्षाच्या वॉर्ड बैठकीला गेलो. शैलाकाकू, रुखसानाबाजी, मी आणि पाणी समितीतल्या इतर बायका. आमच्या भैरवगढ वस्तीतल्या नळांना गढूळ पाणी येई, त्यातून ही समिती उभी राहिली. पाच महिन्यांपूर्वी आम्ही सगळ्या पक्षात शिरलो. काकूंचे म्हणणे, "दाराबाहेर ओरडून घसा बसला. आता आत बसून बोलू." आत बसल्याने पक्ष बदलतो का, हे मला पाहायचे आहे. पुस्तकांत दोन्ही उत्तरे सापडतात.

यंदा पार्षदपदासाठी, म्हणजे नगरसेवकपदासाठी, रुखसानाबाजींचे नाव सुचवायचे, असे समितीचे ठरले होते. बैठकीत तो विषय निघालाच नाही. भाषणे, कचोरी, चहा. माझे अक्षर बरे म्हणून कार्यालय सांभाळणाऱ्या दुबेजींनी रजिस्टर हाती दिले, "बेटा, सबके दस्तख़त ले लो." मी फिरवले. बाजींना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, "ऊपर क्या लिखा है?"

पान कोरे होते. मी म्हटले, "हाज़िरी है, बाजी." त्यांनी अंगठा लावला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उपस्थितांची यादी सुवाच्य अक्षरात लिहायला दुबेजींनी बोलावले. रजिस्टर उघडले. कोऱ्या जागेत आता त्यांच्या हातचा ठराव: पार्षदपदासाठी वॉर्ड अध्यक्षांच्या सूनबाईंचे नाव सर्वानुमते सुचवण्यात येत आहे. खाली आमच्या सह्या. सर्वांत शेवटी बाजींचा अंगठा, स्वतःच्याच विरुद्ध.

"ये तो कोरा था," एवढेच बोलता आले.

"कोरा ही होता है. पहले दस्तख़त, मैटर बाद में." मग चष्मा पुसत, "इतने साल में किसी ने पूछा नहीं." आणि स्वतः उठून त्या पानाची झेरॉक्स काढून आणली, माझ्या वहीत ठेवली. का, ते विचारायचे राहून गेले.

समितीत असे होत नाही. इतिवृत्त मी लिहिते, मोठ्याने वाचते, मगच सह्या. हा नियम बाजींचा. त्या चादरींवर ठप्पे छापतात, म्हणतात, "पहले कतरन पे छाप के दिखाओ, फिर थान पे." आधी चिंधीवर, मग अख्ख्या ताग्यावर. त्या दिवशी वाचण्याजोगे काही नव्हते. पण काही नाही, हे तरी सांगता आले असते.

११ फेब्रु., बुध.

माधव नगरला शै. काकूंकडे. झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती घडी घालून परत दिली.

"अगं, पाइपलाइन आत्ता कुठे मंजूर झालीय. आत्ता पंगा घेतला तर तीपण लटकेल. पुढच्या खेपेला बघू."

"बाजींना सांगायचं ना?"

"सांगून काय? मन दुखेल बिचारीचं."

काकू लबाड नाहीत. पाण्यासाठी उपोषणाला बसल्या होत्या त्या ह्याच. म्हणून तर प्रश्न अवघड.

१५ फेब्रु., रविवार

समितीची बैठक, बाजींच्या कारखान्यात, वाळत घातलेल्या चादरींखाली. मी एक अक्षरही लिहिण्यापूर्वी काकूंनी वही फिरवली. "सह्या करून टाका गं, सबको देर हो रही है. मजकूर ही भरेल नंतर."

कुणाचीही हरकत नाही. वाचून दाखवण्याची रीत पक्षाला लावायला गेलो होतो आम्ही.

वही बाजींपाशी येऊन थांबली. अंगठा मुठीत.

"पढ़ो."

"अभी लिखा नहीं है, बाजी."

"तो लिखो. हम बैठे हैं."

समितीतली कांता म्हणाली, "ये पार्षद बन गईं तो हमको रोज़ बिठाएँगी." हसल्या, कुरकुरल्या, पण बसल्या. मी लिहिले, वाचले, मग बाजींची मूठ उघडली.

सगळ्या गेल्यावर मी मागे थांबले. सांगितले. बाजींचा ठप्पा थांबला नाही. रंगात, कापडावर, रंगात.

"तूने हाज़िरी बोला था."

"हाँ. ग़लती मेरी है."

"हमने काग़ज़ पे नहीं, तेरी आवाज़ पे लगाया था."



१९ फेब्रु., गुरु.

पक्षाच्या जिल्हा कार्यालयाला पत्र. तिसरा मसुदा. झेरॉक्स जोडली तर ती कुणी दिली, हे उघड होईल. दुबेजींना फोन केला. "लगा दो, बेटा. हमें तो वैसे भी कोई रिटायर नहीं करता." मग थोड्या वेळाने, "पढ़ के सुनाना पहले." वाचले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. पक्ष बदलतो का, याचे उत्तर एका म्हाताऱ्या माणसाच्या ऐकण्यावरून काढणे शास्त्रशुद्ध नाही. तरी नोंदवते.

२२ फेब्रु., रविवार

बाजींना पत्र वाचून दाखवले: पान कोरे होते, मी हजेरी सांगून सह्या घेतल्या, कुणाच्याही नावाची चर्चा झाली नाही. शेवटी मी घातले होते, तिकीट बाजींना मिळावे.

"वो काट दे. टिकट की बात अलग काग़ज़ पे. इसमें बस इतना कि पन्ना कोरा था."

खोडले. पुन्हा वाचले. माझी सही, मग त्यांचा अंगठा.

काकूही आल्या होत्या, मीच कळवले होते. पत्र दोनदा वाचले. माझ्या हिंदीतली एक चूक दुरुस्त केली. सही केली नाही. "लाइन अडली तर बायका तुलाच विचारतील."

"हो."

उठून जातील असे वाटले होते. बसून राहिल्या. फोनवरून पाठवायला पत्राचा फोटो काढताना हवेने कागद उडत होता, तर काकूंनी त्याचा एक कोपरा बोटाने दाबून धरला.

पाठवले: रविवार, २२ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी.