चौपट लांबलेला उतार

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. वर्गात भौतिकशास्त्र ओरडून तुझा घसा बसला की नाही अजून?

गोदामातला माल खाली सोडायचा उतार चौपट लांब केलाय. तिरकेपणा तेवढाच. अकरा तारखेला पहिली भरलेली ढकलगाडी सुटेल आणि ती खाली हातांनी अडवायचा मान बाबांना दिलाय. निवृत्तीनंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. जपून, म्हटलं, तर म्हणाले, यंत्राच्या पट्ट्यावरची पेटी लांबून आली म्हणून जोरात येते का? गाडीला उशीर होईल, एवढंच. मलाही पटलं. त्यांच्यानंतर ती जागा माझीच, तेव्हा आतापासून मान देत जा.

तुझा लाडका (स्वतःच्या मते),
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पायाखालची जमीन सरकली रे! आधी बाबांना थांबव, मग पुढचं वाच.

पट्ट्यावरच्या पेटीचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. उतारावर सोडलेल्या गाडीचा वेग मात्र क्षणाक्षणाला वाढत जातो. तिथे वेग सारखा नसतो, त्याची वाढ सारखी असते. उतार चौपट, म्हणजे खाली पोचताना वेग दुप्पट आणि तेवढ्याच जागेत थांबवायला जोर चौपट. तुला पटलंच कसं? बाबा रुसतील; रुसू देत.

काळजीत,
ताई

दि. १३ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐन अकरा तारखेला सकाळी आलं. धाकट्याने ते गोदामात सगळ्यांसमोर वाचलं. माझं डोकंच फिरलं. जन्म त्या उतारापायी घालवला आणि लेक मला गाडी शिकवणार? मी जागचा हलेना. मुकादमाने हात जोडले, तेव्हा माझ्या जागी वाळूची पोती रचली आणि गाडी सोडली.

पोती फुटली. गाडी मागची भिंत फोडून बाहेर गेली.

म्हातारा वाचला म्हणून सगळे पाठ थोपटतात. पण पोरी, एक गोष्ट त्यांना ठाऊक नाही. माझ्या हातांत पूर्वीचं बळ राहिलेलं नाही. ते चारचौघांत दिसू नये, म्हणून आदल्या दिवशी मी धाकट्याला म्हटलं होतं, पुढे तू उभा राहा, मी मागून नुसता हात लावीन.

तो लगेच हो म्हणाला होता.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे,
बाबा