रिकाम्या खोलीतला श्वास

तीर्थस्वरूप मामांना,

हल्ली डोकं थंड ठेवणाऱ्या तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, भूक लागते, झोप लागते, आणि बऱ्याच दिवसांत मी कुणाच्या अंगावर धावून गेलेलो नाही (आमच्या शाळेतल्या खडू सरांच्या अंगावर गेलो, पण मध्ये टेबल होतं, त्यामुळे ते धरत नाही). मामींचा गुडघा कसा आहे? औषधाचं दुकान घरचं आहे म्हणून त्यांनी रोज एक गोळी तोंडात टाकू नये, हे माझ्या वतीने सांगा. तुम्ही स्वतः दुपारी बसून जेवत जा. गिऱ्हाईक खोकत थांबतं, पळून जात नाही. बाबांना मात्र माझा नमस्कार सांगू नका. ते "कोणाचा?" म्हणून विचारतील आणि तुमची पंचाईत होईल.

शाळेत काहीतरी भानगड झाल्याचं तुमच्या कानावर आलं, खरं काय ते लिही, असं तुम्ही विचारलंत. भानगड वगैरे काही नाही. उलट माझ्यामुळे एक मोठं काम मार्गी लागलं, ते कसं ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला चार लोकांत ताठ मानेने सांगता येईल.

मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे हे तुम्हाला माहीत आहेच. नळ्या धुवायच्या, भिंगं पुसायची, फुटलं तर कोणी फोडलं ते शोधायचं. (कॉलेज का सोडलं तेही माहीत आहे. प्रयोगात माझा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळेना, प्राध्यापक म्हणाले, पुस्तकातला लिही, त्यावर मी जे म्हणालो ते हे पत्र मामीही वाचतात म्हणून लिहीत नाही.) इथे विज्ञान शिकवायला खडू सर होते, म्हणजे आहेत. त्यांची पद्धत अशी की फळा भरायचा, पोरांनी उतरवायचा, मग फळा पुसायचा. पोरांच्या वह्या भरतात, डोकी कोरी राहतात. मग या सत्रात नवीन विज्ञानाच्या बाई आल्या. बाईंविषयी मी जास्त लिहिणार नाही, कारण लिहायला लागलो तर कागद पुरणार नाही. एवढंच सांगतो की त्या बोलता बोलता चष्मा डोक्यावर चढवतात आणि मग तोच चष्मा सगळ्या टेबलांवर शोधतात. मला तो दिसत असतो. मी सांगत नाही.

बाईंनी नववीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितलं की मी धडा शिकवणार नाही, तुम्हाला छळणारा एखादा प्रश्न आणा, आपण त्याच्या मागे लागू, धडा वाटेत भेटेल. पोरांनी आणलेला प्रश्न असा: मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला झोप का येते? (हा तास खडू सरांचा असतो, गणिताचा. यात माझा हात नव्हता, मी फक्त हसलो.) मग बाईंनी कुठून तरी हवा मोजणारी मशिन्स उसनी मिळवली. बारकी पांढरी डबी असते, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेत किती साठलाय ते ती मोजते आणि आकडा थेट इंटरनेटवर धाडते. पोरं टॅबलेटवर त्याची रेघ वरखाली होताना बघत बसतात. वर्गावर्गांत डब्या मी स्वतः लावल्या, स्टुलावर चढून. तुलनेसाठी एक खोली अशी हवी होती की जिथे कोणीच श्वास घेत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेला लागून असलेली सामानाची खोली ठरली. छोटी, बंद खिडकीची, आणि किल्ली माझ्याकडे. बाई म्हणाल्या, "ही खोली रिकामी राहिली पाहिजे, सगळं तिच्यावर आहे." मी म्हणालो, "चिंताच करू नका."

आता त्या खोलीच्या खिडकीविषयी थोडं सांगायला हवं. तिथून रस्त्यापलीकडचा बस थांबा दिसतो. शाळा सुटल्यावर बाई तिथे उभ्या असतात, आणि त्यांची बस वेळेवर येणारी नाही. मी आपला शाळा सुटल्यावर दार लावून, तराजूंच्या खोक्यावर टेकून, दिवसभराचा शीण घालवत असे. एकटा माणूस, शाळा सुटलेली, म्हणजे खोली रिकामीच की. निदान मला तसं प्रामाणिकपणे वाटत होतं. मन दुसरीकडे असलं की माणसाला आपण कुठे बसलोय याचा पत्ता नसतो.

काही दिवसांनी पोरांनी ओरड केली की रिकाम्या खोलीची रेघ रोज शाळा सुटल्यावर चढते. खडू सर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, "झालं. रिकाम्या खोलीत श्वास मोजणारी डबी माझ्या वर्गात काय खरं सांगणार?" माझं डोकं भडकलं. (टेबल मध्ये होतं ते याच वेळी.) मी ठणकावून सांगितलं की डबी मी लावलीय, ती खोटं बोलत नाही, आत कोणीतरी चोरून शिरतंय, आणि सापडला की त्याची तंगडी तोडून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवीन. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यावर मी आठवडाभर जगलो.

मग तपास सुरू झाला. एका गटाचं म्हणणं पडलं की उंदीर. त्यावर एका मुलीने (दोन वेण्या, तोंडाने फटकळ, पुढे ही न्यायाधीश होणार) गणित मांडून सांगितलं की एवढ्या श्वासाला इतके उंदीर लागतील की खोलीचं दार उघडणार नाही. मी माझ्या परीने चोर पकडायचा चंग बांधला. शाळा सुटली की आत शिरायचं, दार लोटायचं आणि दबा धरून बसायचं. एरवी बाईंची बस गेली की मी उठत असे, आता पार अंधार पडेपर्यंत बसू लागलो. चोर काही आला नाही, पण दुसऱ्या दिवशी पोरं सांगायची, काल आकडा आणखी चढला. मी म्हणायचो, बेटा भलताच चलाख दिसतोय.

हसू नका मामा. तुम्हीही मामींना बघायला गेलात तेव्हा दुसऱ्याच्या चपला घालून आलात, हे आईने मला सांगितलंय.

शेवटी पोरांनी सगळं मांडून दाखवायचा दिवस आला. समोर मुख्याध्यापक, खडू सर, काही पालक. मुख्याध्यापकांनी आधीच सांगून टाकलं होतं की यात काही तथ्य निघालं तर प्रोजेक्टचे तास चालू राहतील, नाहीतर डब्या परत, आणि पुढच्या सत्रापासून नववीचं विज्ञान पुन्हा फळ्यावर. बाईंच्या हातातला खडू मोडला, तेवढ्यावरून मला त्यांची अवस्था कळली. पोरं छान बोलली. खडू सरांच्या तासाला बंद खिडक्यांमुळे रेघ कशी डोंगरासारखी चढते ते पडद्यावर दाखवलं. सर उठले आणि म्हणाले, "आणि रिकाम्या खोलीचं काय?" मग दोन वेण्या पुढे आल्या. म्हणाली, आम्ही रेघेची सगळ्या तक्त्यांशी तुलना केली. रविवारी रेघ सपाट. मदतनीस दादांना ताप होता तेव्हा सपाट. आणि बाई ज्या दिवशी रजेवर असतात, त्या दिवशीही सपाट.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पण खडू सरांच्या डोक्यात भलताच पडला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे शाळा सुटल्यावर बाईच तिथे काहीतरी करत असतात म्हणा की." पालक एकमेकांकडे बघायला लागले. मुख्याध्यापकांनी समजूतदारपणे सुचवलं की मशीनच बिघडलं असेल, सोडून द्या. मामा, माझी सुटका तिथे आयती ताटात वाढून ठेवलेली होती. मशीन बिघडलं म्हणायचं, मान हलवायची, माझी अब्रू शाबूत. पण आकडा खरा असताना खोटा म्हणायचा, हे मला कॉलेजात जमलं नाही तर इथे कसं जमणार? आणि बाईंच्या नावावर असलं काही चिकटलेलं मला बघवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मशीन बरोबर आहे. आत मी असतो."

दोन वेण्यांनी टॅबलेट उघडला. "दादा, कारण लिहायचंय. तुम्ही आत काय करत होता?"

"श्वास घेत होतो," मी म्हणालो.

सगळी खोली हसली, मुख्याध्यापकसुद्धा. पण पोरगी हसली नाही. ती वळून म्हणाली, "एका माणसाच्या श्वासाने एवढी रेघ चढते, तर आमच्या अख्ख्या वर्गाची किती चढत असेल?" तिथेच निकाल लागला. प्रोजेक्टचे तास कायम झाले. खडू सर आता स्वतः वर्गाच्या खिडक्या उघडतात, आणि आपणच शोध लावल्यासारखं सांगतात. मला तंगडीची आठवण कोणी करून दिली नाही, फक्त किल्ली काढून घेतली.

सगळे गेल्यावर बाई त्या सामानाच्या खोलीत गेल्या. खोक्यापाशी उभं राहून त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रुमालाने काच पुसली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी प्रयोग बिघडवायचा असेल तर आधी सांगत जा." बस, एवढंच.

तर मामा, असं सगळं झालं. नोकरी पक्की आहे, आणि तुम्ही आडून आडून जे विचारलंत त्याबद्दलही निर्धास्त राहा. तो विषय माझ्या बाजूने संपलेला आहे. मी आता विज्ञानाचा माणूस आहे, मन काबूत आहे, बस थांब्याकडे बघतसुद्धा नाही. घरच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांचे कान माझ्या वतीने ओढावेत.

तुमचा,
शहाणा झालेला भाचा

ता. क. एक बारकं काम होतं. पोरांनी पुढचा प्रश्न घेतलाय: माणसाचं हृदय कधी जोरात धडधडतं? मनगटाला पट्टा बांधतात आणि ठोके पडद्यावर दिसतात, सगळ्या वर्गाला. तपासायला माणूस हवा होता, मी ताठ मानेने हो म्हणून बसलो. मागाहून कळलं की पट्टा बाई बांधणार आणि शेजारी उभ्या राहणार. तुमच्या दुकानात ठोके एका जागी ठेवणारी एखादी गोळी असेल तर गुरुवारच्या आत पाठवा. मामींना कळू देऊ नका.

ता. ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. दोन वेण्या आत्ताच सांगून गेली की तुलनेसाठी दुसरं माणूस लागतं, आणि दुसरा पट्टा बाई स्वतः बांधणार आहेत. दोघांना समोरासमोर बसवणार, दोघांच्या रेघा एकाच पडद्यावर. बाई आपणहून तयार झाल्या म्हणे. गोळी पाठवू नका.