खिंडीतलं मचूळ पाणी

मेस्त्री, तब्येत कशी आहे तुमची? गेलेल्या माणसाला असं विचारायचं नसतं हे ठाऊक आहे, पण सवयीला औषध नाही. पाठीतली उसण गेली का? तिकडे गाडीखाली आडवं पडावं लागत नसेल, म्हणजे गेलीच असणार. काकूंचा खोकला थांबला का? मिठागरात राबून तुमच्या थोरल्या भावाच्या तळपायांना चिरा पडल्या होत्या, ते आता नीट चालतात ना? आणि बॉनेटवर झोपणारी ती एकडोळी मांजर? तिलाही विचारलंय म्हणून सांगा. इकडे मी बरा आहे. साखर निघालीय, पण ती आता पेणमध्ये कोणाला नाही? बायकोचे गुडघे तुमच्या जुन्या जॅकसारखे कुरकुरतात. मुलगी नर्स झाली, रोह्याच्या दवाखान्यात असते. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी जन्मली ती, उशिरा झालेलं एकुलतं लेकरू. तुमची तिची गाठ पडली नाही असं मी गेल्या आठवड्यापर्यंत समजत होतो. म्हणून तर लिहायला बसलोय.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तिशी ओलांडली होती. मिठागरातलं काम सुटलं होतं आणि गाडीचं मला पुढचं-मागचं एवढंच कळत होतं. पेणच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, रस्त्याला लागून तुमचं पत्र्याचं गॅरेज आणि शेजारी दगडी बाव. पहिल्याच दिवशी वाफाळलेल्या रेडिएटरची टोपी उघडायला गेलो, तर तुम्ही हातावर फटका मारलात. "निवू दे. माणूस आणि इंजिन तापलं की त्याला तोंड उघडायला लावू नये." गाडी निवली की तुम्ही आतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला टेकवायचात, डोळे मिटून. हे नदीचं. हे रोह्याच्या नळाचं. हे कोलाडच्या कुठल्यातरी हॉटेलातल्या पिंपातलं, तेलकट लागतंय. गाडीवाले हसायचे. एकदा एक डॉक्टर म्हणाले, "काय मेस्त्री, मीठ कमी आहे का?" तुम्ही म्हणालात, "मीठ बरोबर हाय डाक्टर, तुमचं गाडी हाकणं तेवढं तिखट हाय." मग तुम्ही तांब्याच्या कळशीनं बावीचं पाणी काढायचात आणि रेडिएटर भरून द्यायचात. त्याचं मोल कधी घेतलं नाहीत. तहानलेल्याला नाही म्हटलं तर बाव आटते, मग तो माणूस असो नाहीतर मोटार, असं तुमच्या आईनं सांगून ठेवलं होतं.

त्या जुन्या गाड्यांची इंजिनं बिडाच्या लोखंडाची होती. गंज धरायची, लाल पाणी ओकायची, पण ओढत राहायची. पुढे नव्या गाड्या आल्या, त्यांचं हेड, इंजिनावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचायचो आणि तुम्ही ओरडायचात, "ओ बॅरिस्टर, चौदाचा पाना द्या!" एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं हेड खोललं. आतल्या पाण्याच्या वाटा उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारख्या झाल्या होत्या. ती गाडी आपल्याच बावीचं पाणी पिणारी. मी चार माणसांसमोर बोलून गेलो, "मेस्त्री, बावीत खाडीचं मीठ उतरलंय. हे मचूळ पाणी इंजिनं खातंय. बंद करा." एकट्यात सांगायला हवं होतं. तुम्ही फडक्याला हात पुसलेत. मग म्हणालात, "पाण्याला नाव ठेवतोस? धा वर्षं ह्याच पाण्याचा चहा पितोस. जा मग. गोडं पाणी असंल तिथं जा." मी गेलो. बाजाराच्या टोकाला स्वतःचं गॅरेज टाकलं, बाहेर पाटी लावली की इथे पाणी नाही, फक्त कूलंट भरतात. जो विचारेल त्याला तुमच्या पाण्याचं सांगत गेलो. खोटं काहीच सांगितलं नाही, पण गावजेवणासारखं वाढलं, ज्याच्या त्याच्या पानात. दोन वर्षांत तुमच्याकडे गाडी वळेनाशी झाली. येता-जाता दिसायचात, बावीच्या कठड्यावर बसलेले, शेजारी भरलेली कळशी. तुम्ही गेलात त्या दिवशी मी वळणापर्यंत आलो आणि उभ्या ट्रकच्या आडून बघून परत फिरलो.

तुमची बाव हायवे रुंद करताना बुजवली, मेस्त्री. आधी दगड, मग मुरूम, वर खडी, वर डांबर. आता तिच्यावरून कंटेनर जातात. हे मी उभं राहून पाहिलंय.

ह्या उन्हाळ्यात रोह्याच्या एक शिक्षिकाबाई गाडी घेऊन आल्या. तापमानाचा काटा चढतोय म्हणाल्या, महिन्यापूर्वीच नवं कूलंट भरलंय. टोपी उघडली तर कूलंटचा हिरवा रंग गायब, आत गढूळ तांबूस पाणी आणि तोंडाभोवती पांढरी खरवड. कूलंट विषारी, त्यामुळे आता कोणी जीभ लावत नाही, मीही नाही. पण त्या दिवशी ती खरवड बघून बोट आपोआप गेलं. जिभेला लागलं आणि मी पंचवीस-तीस वर्षं मागे जाऊन उभा राहिलो. चूळ भरली तरी चव जाईना. बाईंना विचारलं, पाणी कुठे भरलंत? म्हणाल्या, "नागोठणं सोडलं की रोह्याकडे जाताना खिंड लागते ना, तिथे गाडी तापली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. झाडीतून एक आजोबा आले, तांब्याची कळशी घेऊन. म्हणाले, इंजिन बंद नको करू गो, मी बारीक धार सोडतो. धसक्यानं फुटंल." बाईंनी आवाज खाली आणला. "एक सांगू? त्यांनी टोपी उघड्या हातानं काढली. मी ओरडले. पण वाफ आलीच नाही. आणि माझ्याकडे बघून हसले, जसं काही मीच वेडी."

त्यानंतर कोलाडचा एक हॉटेलवाला आला. मग लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेला एक मोटारवाला. खिंड तीच, दुपार तीच, कळशी तीच. मी तिघांच्याही गाड्या पाण्यानं धुऊन धुऊन साफ केल्या आणि कोणाला अवाक्षर बोललो नाही. हॉटेलवाला म्हणाला, "काका, माणूस भला होता हो. पाणी मात्र भंगार." मी मान डोलावली. दुसऱ्यांदा, मेस्त्री. तुमच्या पाण्याला मी दुसऱ्यांदा नाव ठेवलं.

आणि गेल्या आठवड्यात मुलगी. तिची गाडी मी स्वतः बघतो, पाइप मी बदलतो, कूलंट मी भरतो, ती तापायचं कारणच नव्हतं. संध्याकाळी घरी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "अण्णा, खिंडीत गाडी तापली. एका आजोबांनी पाणी घातलं." मी पाट धरून बसलो. "मला विचारलं, कोणाची गो तू? मी तुमचं नाव सांगितलं. तर किती वेळ माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, बापाला सांग, चव बघ." तिची आई आतून ओरडली, "चव कसली? भाजी केलीय कुठं अजून!" दोघी हसल्या. मी अंगणात गेलो. बॉनेट उघडलं, गाडी निवेपर्यंत उभा राहिलो, आणि तुम्ही सांगितलं तसं केलं. तेच होतं. पण तिघांच्या गाड्यांतलं होतं त्याहून ताजं. थंडगार. जसं आत्ताच पोहऱ्यातून ओतलंय.

दोन दिवस मी त्या गाडीला हात लावला नाही आणि मुलीला बसनं जायला लावलं. ते पाणी काढून टाकलं तर चार माणसांत केला तोच अपमान पुन्हा. ठेवलं तर तिचं इंजिन आतून खाल्लं जाणार आणि एक दिवस ती त्याच खिंडीत, तशाच दुपारी, एकटी थांबणार. आणि पाणी द्यायला कोण येणार हे मला माहीत. तुम्ही मायेनं देता, मेस्त्री, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मायेलाही मीठ लागलेलं असतं, ते सांगायची रीत मात्र मला शेवटपर्यंत आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे रेडिएटरखालचं बूच उघडलं. सगळं काढलं. तिच्या गाडीत थेंब ठेवला नाही. बाप आहे मी, रागावलात तरी हे असंच केलं असतं.

हे पत्र टाकायचं कुठे? पान्यांच्या खोक्यात, तळाशी राहील. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही, घरातही नाही. बादलीत निघालेलं ते पाणी गटारात ओतायला गेलो, आणि ओतवेना. माझी स्वतःची जुनी गाडी बाजूला उभी होती. तिच्यातलं कूलंट मी काढून टाकलं आणि तुमचं पाणी भरलं. बारीक धारेनं. चार दिवस तीच गाडी चालवतोय. काटा अर्ध्याच्या वर जात नाही. आतून खात असणार, मला काय ते कळत नाही? खाऊ दे.

रागावला असाल तर तसं सांगा, निवला असाल तर तसं. पण निरोप मुलीकडून नको. तिला वाटेत थांबवू नका, मेस्त्री. काय ते मलाच लिहा, आणि लवकर लिहा.