मुरमाड टेकाड

उंद्री, मार्च १९६३

मंजुळा,

तुझ्या बाबांनी माझा द्राक्षाचा वेल उपटून कुजलेली मुळं माझ्या हातावर ठेवली, तेव्हाच सगळं फिरलं. "काऊन बे, कालेज सोडून हेच शिकला? काळ्या मातीत पानी साचते. द्राक्षाले मुरूम लागते."

द्राक्षाला मुरूम लागतो, हे शेतकी कॉलेजातही शिकवलं होतं. पण तुझ्यासाठीची बाग मुरमाड टेकाडावर लावायला मन होईना, म्हणून घरची सगळ्यात कसदार जमीन निवडली. बाग जगली असती तर ते सोयरिकीचं बोलणार होते. मी मात्र रागात त्यांच्याच अंगावर धावलो. तेव्हापासून तुमची खिडकी बंद आहे, तरी रोज चार चकरा मारतो.

मुरमातला वेल फळायला दोन वर्षं लागतील. तोवर थांब, असं कोणत्या तोंडाने लिहू? हा कागद ट्रंकेत ठेवतो, कुदळ उचलतो आणि दार ओढून टेकाडाकडे निघतो.

तुझाच,
उत्तम