चादरीतलं नाव

प्रिय श्रीदेवी,

समुद्रातल्या जिवाणूंच्या ज्या कुलाला तू आईचं नाव दिलं होतंस, ते नाव आता राहणार नाही. काल तुझ्या सरांनीच फोनवर सांगितलं. बारा दिवस तू फोन उचलला नाहीस, म्हणून मी त्यांना गाठलं. त्यांनी समजेल असं सांगितलं. कारवारच्या चिखलात तुला सापडलेला जिवाणू कोरियातल्या लोकांना आधीच सापडला होता, त्यांनी त्याचं कुलही मांडलं होतं. नवी तपासणी झाली तेव्हा दोन्ही एकच निघाले. ज्याचं नाव आधी छापलं, त्याचं राहतं. यात श्रीदेवीची चूक नाही, असं ते दोनदा म्हणाले.

चूक माझी आहे. तीन वर्षांपूर्वी तू बजावलं होतंस, "अप्पा, लगेच गाजावाजा नको, यात बदल होतात." मी ऐकलं नाही. एमआयडीसीतल्या आपल्या मागावर चाळीस चादरी काढल्या, काठात आईचं नाव आणि खाली समुद्राच्या लाटा. मागाला लाटांची नक्षी सांगणारी भोकाभोकांची पंचकार्डं पाडताना आपला कारागीर सिद्धप्पा वैतागला होता, "मालक, मोर सांगा, कमळ सांगा, ह्ये पाणी कसं विणू?" अख्ख्या शुक्रवार पेठेत चादरी वाटल्या. छापलेलं नाव पुसता येतं गं, विणलेलं कसं काढू?

शेजारच्या मायाक्कानं तेव्हा टोमणा मारलाच, "किड्याला नाव दिलं, त्याचं एवढं कौतुक?" आई म्हणाली, "तुजं नाव रेशनकार्डाबाहीर कुटं हाय, ते सांग की!" दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. आता तीच मायाक्का रोज दवाखान्यात आंबील घेऊन येते.

दवाखान्याचं तुला फोनवर थोडंच सांगितलं होतं. छातीतलं पाणी दोनदा काढलं, पुन्हा भरतंय. आईनं घरून तीच चादर मागवली. नर्स पांघरूण सारखं करायला आली की काठ तिच्यापुढं धरते, "ह्ये माजं नाव. समिंदरात एक घराणं हाय माज्या नावाचं. लेकीनं शोधलं." समुद्र तिनं कधी पाहिला नाही. तू नेणार होतीस, मागाच्या कामात मीच दर वर्षी पुढं ढकललं.

काल सरांचा फोन ठेवून मी आत गेलो. तिनं विचारलं, "कुणाचा?" मी म्हणालो, सुताचा व्यापारी. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आपल्या रीतीनं मला मातीत ठिवताना हीच चादर गुंडाळा, काठ वर दिसू द्या." मी हो म्हणालो. खरं सांगून ते नाव तिच्या अंगावरून काढून घेऊ, की खोटंच सोबत देऊ? नाव तू दिलंस. सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. लाजेनं दूर राहू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं.

आपला टेम्पोवाला शिवयोगी तुझ्या पणजीतल्या हॉटेलांचे टॉवेल पोचवायला निघालाय, पत्र त्याच्याच हाती देतोय. रविवारी दुपारी तो परत निघेल, टेम्पोत त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवायला सांगितलंय. सोमवारी सकाळी आईला घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले. बरी झाली म्हणून नव्हे, हेही त्यांनी सांगितलं.

तुझाच,
अप्पा