न पाहिलेले सहा दंड

डॉक्टरसाहेब, तुम्हांला जाऊन अकरा पावसाळे झाले. मिठाची चळवळ तुमच्या मागून झाली, अलिबागेच्या दवाखान्यातली तुमची खोली आता बँडेजं ठेवायला लागते, आणि तुम्ही ज्या विषाच्या मागे लागला होतात ते अजून कोणी डोळ्यांनी पाहिल्याचं माझ्या कानावर नाही. तुमचा एम. डी.चा प्रबंध माझ्या ट्रंकेत मेणकापडात गुंडाळून ठेवला आहे. वाळवी लागू नये म्हणून दर आश्विनात उन्हात घालतो. आज घातला होता, आणि वाऱ्याने जे पान उघडलं ते बेचाळिसावं होतं. तुम्हांला ते पान आठवेल. त्या तक्त्याच्या रेघा मी आखल्या होत्या.

मी देवी टोचणारा माणूस, मराठी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. इंग्रजी मी डिक्शनरी उशाशी घेऊन शिकलो आणि सूक्ष्मदर्शकाची काच पुसता पुसता त्यातून पाहायला शिकलो. तुम्ही मला थट्टेने ‘पंडित’ म्हणायचात. "काय पंडित, आज काय शोध?" मला राग यायचा, आणि एखाद्या दिवशी तुम्ही तसं म्हणाला नाहीत तर चुकल्यासारखं व्हायचं. तुम्हीच मला ती गाळणी दाखवलीत, चिनीमातीची, मेणबत्तीएवढी. देवीच्या फोडातला रस तिच्यातून गाळला तर साधे जंतू वर अडकतात, खाली येतं ते पाण्यासारखं स्वच्छ. आणि त्या स्वच्छ पाण्याचा थेंब सशाच्या डोळ्याला लावला की डोळा तिसऱ्या दिवशी पांढरा पडतो. "दिसत नाही, पण विष आहे," तुम्ही म्हणालात. "म्हणून जे दिसतं तेवढंच लिहायचं, पंडित. तक्त्यातलं न पाहिलेलं घर कोरं सोडायचं." आणि खिशातलं तुमचं भिंग काढून माझ्या हातावर ठेवलंत. पितळी कडीचं, दांड्याला बारीक चीर असलेलं. ते अजून माझ्याजवळ आहे.

तुमचा प्रश्न साधा होता. मुंबईहून लस लाँचीने रेवसला येते, तिथून खाडीपारच्या गावांत जाईपर्यंत उन्हाने तिच्यातला जीव जातो; तर तो किती दिवसांत जातो, आणि कशाने टिकतो? तुम्ही बर्फाची पेटी मांडलीत. मडक्याची युक्ती माझी. ओल्या वाळूत पुरलेलं मडकं, वरून भिजलेलं गोणपाट, आत लशीच्या काचेच्या नळ्या. बर्फ गावोगाव मिळणार नाही, मडकं मिळेल, असं मी म्हणालो तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात. माझं म्हणणं ऐकून कोणी खुर्चीतून उठल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

मडक्यात नऊ दिवस ठेवलेली लस मी उरणच्या बाजूला, मिठागराच्या वस्तीवर अकरा मुलांना टोचली. आठव्या दिवशी जाऊन दंड पाहायचे, फोड उठला असेल तर ‘उठली’ लिहायचं, नसेल तर बर्फातल्या ताज्या लशीने तिथंच पुन्हा टोचायचं, हा तुमचा नियम. मी गेलो. उगवतीकडच्या पाच मुलांचे दंड पाहिले. पाचही फोड मोत्यासारखे, मधे खळगा पडलेले. मग बांध ओलांडून पलीकडच्या सहा घरांकडे वळतो तर दारांना कडुनिंबाचे डहाळे लावलेले. पहिल्याच दारात एक बाई उभी, कडेवर मुलगी, मुलीच्या दंडावर हळदीचा जाड लेप.

"आंत येव नको, दादा. आई आलीय पोरीच्या अंगान. परक्याची सावली परली त कोपंल."

"फोड उठलाय का, एवढं बघू दे."

"उठल्यान. सगल्यांच्याच उठल्यान. हलद काय उगाच लावलीय?"

आणि ती दाराआड गेली. मी बांधावर उभा राहून तक्त्याच्या सहा घरांत ‘उठली’ लिहिलं. डॉक्टरसाहेब, आमच्याकडे टोचलं की देवी आलीच असं धरतात. फोड उठो न उठो, हळद आणि डहाळा आठ दिवस असतोच. मला हे ठाऊक नव्हतं अशी सबब सांगायची सोय नाही. माझ्याही दंडाला आईने अशीच हळद फासली होती. पण तक्त्यातल्या अकरापैकी सहा घरं कोरी ठेवली असती तर माझ्या मडक्याचा निकाल अर्धवट राहिला असता.

प्रबंध मान्य झाला. पदवी घेऊन आलात त्या दिवशी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. तुम्ही प्रस्तावनेचं पान उघडून माझ्यापुढे धरलंत. ‘आमचे टोचणीचे मदतनीस, ज्यांच्या नजरेवर मी माझ्या नजरेइतकाच विसंबतो.’ मी ती ओळ वाचतो आहे, आणि हातातल्या पोळीचं तूप ताटात निथळतं आहे.

दुसऱ्या चैत्रात देवीची साथ आली. पाचांना काही झालं नाही. बांधापलीकडच्या सहांपैकी चार अंथरुणाला लागली, त्या चारांतली दोन गेली. त्यांतली एक कडेवरची मुलगी. तुम्ही मला बोलावलंत. रागावला नव्हतात, म्हणूनच सांगणं जमलं नाही. "पंडित, ह्या सहांचे फोड तुम्ही डोळ्यांनी पाहिले होते?"

"पाहिले होते."

"लस उठूनही देवी आली, मग हे विषच निराळं आहे," तुम्ही म्हणालात.

तिथून तीन वर्षं. आजाऱ्यांच्या खपल्या, गाळण्या, सशांचे डोळे. "सशांना या घरात माझ्याआधी जेवण मिळतं," वहिनी म्हणायच्या, आणि हसता हसता एकदा रडल्या. जे विष नव्हतंच ते तुम्ही शोधत होतात, आणि मी शेजारी बसून तुम्हांला गाळण्या धुऊन देत होतो. चोख धुवायचो. शेवटच्या तापात तुम्ही माझं मनगट धरलंत: "ते दुसरं सापडलं नाही, पंडित. तुम्ही पुढं बघा." मी हो म्हणालो.

हे पत्र कुठं पाठवू? वहिनी पुण्याला भावाकडे असतात. त्यांच्या उरलेल्या दिवसांत हे घालू? बेचाळिसाव्या पानात घडी करून ठेवीन. सकाळी तक्त्यातल्या त्या सहा घरांवर काट मारायला टाक उचलला होता. शाई निबावर सुकली. छापलेलं असं माझं तेवढंच आहे.

आणि वर लिहिलं त्यात एक अर्धं आहे. ती बाई दाराआड गेली ती दार लावून घ्यायला नव्हे. वळता वळता म्हणाली होती, "थांब जरासा, सासूला इचारतंय, दाखवू का ता." खाडीला ओहोटी लागली होती. होडी चिखलात रुतली असती, पुढची भरती संध्याकाळची. ताज्या नळ्या माझ्या पेटीत होत्या. मी थांबलो नाही.