काट्याची जागा

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझी आई होती तेव्हापासूनच. तू वेळेवर जेवतेस ना? दिवसभर ऑफिसात अर्ज तपासून डोळे दुखत असतील. निजताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघत जा.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्या बाईंनी बोलावलं. आपलं एस्प्रेसोचं मशीन गळत होतं. आपलं म्हणजे तू कागदावर काढलेलं आणि मी ठोकलेलं, ते एकच. सात वर्षं बाईंनी लेकरासारखं जपलंय. कुठे कोपरा नाही, सांधा दिसत नाही. आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला, बरोबर मध्ये, मी पाडलेलं भोक आणि त्यात वाफेच्या दाबाचा काटा. कपाळावर खोक पडावी तसा.

मशीन प्रदर्शनात मांडलं त्या सकाळी तू ते भोक पाहिलंस आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलंस. मला वाटलं, तुझी चूक मीच सावरली. चार लोकांत म्हणालो, पोरगी चित्रं काढते, काटाच विसरते, मशीन शेवटी बापालाच करावं लागतं. सगळे हसले. त्यानंतर तू पेन्सिल हातात धरली नाहीस.

परवा वायसर बदलायला मी पहिल्यांदाच काउंटरच्या आत, कॉफी करणाऱ्याच्या जागी उभा राहिलो. तिथे मशीनच्या वरच्या कडेला ते तिरकं गोल भोक होतं, पत्रा कापणाऱ्याने तुझ्या नकाशावरून कापलेलं. मी समजत होतो, गरम हवा जायला ठेवलंयस. काटा काढून तिथे धरला. चपखल बसला, आणि मान न हलवता आकडे दिसले. बाई म्हणाल्या, अहो काका, मग तिकडे कशाला लावलात? मला रोज पलीकडे जाऊन बघावं लागतं.

ठमे, मला नकाशा वाचता येत नव्हता. समोरून काढलेलं चित्र कळायचं. मधून कापून दाखवलेलं, बाणांचं, ते कधीच कळलं नाही. चौथीत शाळा सुटली, पुढे सगळं बघून बघून शिकलो. तू समजावायचीस तेव्हा मी नुसती मान डोलवायचो. पोटच्या पोरीला काय विचारायचं, असं वाटायचं. तू काहीच विसरली नव्हतीस. बाईंना हे सांगितलं, पत्रा कापणाऱ्यालाही सांगितलं. त्या दिवशी हसलेले बाकीचे आता कुठे शोधू? परत ये म्हणायला मला तोंड नाही. पण कुणी विचारलं तर पूर्वी चित्रं काढायचे, असं सांगू नकोस. मशीन तू केलंस. मी फक्त पत्रा वाकवला.

तुझाच,
बाबा